दिसतंयताई

साखरेचा डबा उघडताना ती श्वास धरते.

दुधाची पिशवी कापायच्या आधी कात्री गॅसच्या ज्योतीवरून फिरवते. एकदा सुरी इतकी तापवली की लिंबू चुरचुरलं.

समोरच्याच्या ताटावर वाकून बोलत नाही. मान वळवून भिंतीशी बोलते. नव्या माणसाला वाटतं, हिला आपला राग आलाय.

कुठलीही बाटली, बरणी, औषधाची डबी हातात आली की आधी उजेडासमोर धरून तळ बघते. तेलाच्या बाटलीचाही.

काही टाकून द्यायचं झालं की त्याला 'सॉरी' म्हणते. शिळ्या पावालासुद्धा.

आणि कुठलीच गोष्ट ठामपणे सांगत नाही. "दूध उतू गेलं का गं?" असं मी आतून ओरडले, तर ती ओट्यासमोर उभी, दूध तिच्या पायांवर, आणि उत्तर आलं, "गेलंय असं दिसतंय."

तिच्या लॅबमध्ये तिला दिसतंयताई म्हणतात. मी नुसतं ताई म्हणते. आम्ही दोघी मिळून एक भाड्याचं घर चालवतो. मी साहित्य शिकले आणि आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते. ती केळीच्या पेशी वाढवते, आणि त्या श्वासातल्या जंतूनेही नासतात. आमच्या दोघींच्या कामात चुका शोधणं आलं, एवढंच काय ते साम्य.

तिचं काम मला समजायला वेळ लागला. आता सांगू शकते.

केळीला बी धरत नाही. त्यामुळे दोन झाडांचं लग्न लावून हवं तसं पिल्लू मिळवायची सोय नाही. झाडाचा स्वभाव बदलायचा तर एकेका पेशीत शिरावं लागतं. शिरून तिथे नेमक्या एका जागी काप द्यावा लागतो. तो काप देणारी बारीकशी कात्री असते. खरी कात्री नव्हे, एक प्रथिन. ती बनवायची कृती पेशीपर्यंत पोचवली की पेशी ती आपली आपण बनवते. कात्री आता सगळ्यांना जमते, असं ताई म्हणते. अडतं ते आत नेण्यापाशी. झाडाच्या पेशीला जाड भिंत असते, आणि ती कुणाला सहजी दार उघडत नाही.

म्हणून हमाल लागतो.

मातीत एक जिवाणू असतो. तो स्वतःचं सामान झाडांच्या पेशींत नेऊन टाकतो. त्याची ही जुनीच खोड. माणसांनी त्याच्या पाठीवरचं गाठोडं काढलं आणि आपलं ठेवलं. त्याने सामान आत टाकलं की औषध देऊन त्याला मारायचं. नाहीतर तो घरभर पसरतो.

हमाल हा शब्द तिने काकांसाठी शोधला होता.

तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला काका-काकूंनी वाढवलं. काकांचा टेम्पो होता. लोकांची घरं हलवायचे. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं. गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दारात की आत?" सामान फाटकाशी उतरवायचं की जिना चढवून खोलीत लावायचं, त्यावर माणसं किती न्यायची ते ठरायचं. "दारात ठेवणारे छप्पन मिळतात," ते म्हणायचे. "वळणावर कपाट अडलं की खरा माणूस कळतो."

ताईने हमालाची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिथेच होते. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं शिकून शेवटी माझाच धंदा केलास!"

"तसंच दिसतंय, काका."

"आणि त्या हमालाला काम झाल्यावर मारता? हा कुठला न्याय?"

"न मारून चालत नाही."

"बघा. आम्हाला निदान चहा तरी पाजायचे लोक."

काकांच्या घरामागे धुण्याच्या दगडाजवळ केळी होत्या. काकूंनी लावलेल्या. बुटका घड, बोटाएवढी फळं, साल इतकी पातळ की सकाळी उतरवलेलं केळं संध्याकाळी काळं पडायचं. बाजारात कुणी हात लावत नसे. गल्लीतच वाटून संपायचं. काकू गेल्या, आणि नंतर त्या मातीत मर शिरली. केळीची मर ही बुरशी, मातीतून येते. आधी खालची पानं पिवळी पडतात, मग गळून खोडाभोवती लोंबतात. खोड कापलं तर आत तांबूस कडी दिसतात. एकदा मातीत आली की ती माणसाच्या आयुष्यात जात नाही. काकांची बेटं एकामागून एक बसली. शेवटी दगडालगतचं एकच उरलं. तेवढं हिरवं होतं.

त्याच बेटाचं केळफूल ताईने लॅबमध्ये नेलं. फुलाच्या पोटातल्या कोवळ्या भागातून पेशी वाढवल्या. त्या पेशींत कात्री न्यायची आणि मर जिथून पेशीत पाय ठेवते ती एक जागा कापून टाकायची, असा बेत. जमला तर त्याच मातीत तीच केळ उभी राहिली असती.

लॅबसाठी तो अनेक कामांतला एक प्रयोग होता. काकांसाठी ते काकूंचं झाड होतं.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"काय शास्त्रज्ञ बाई, दारात की आत?"

"दारात, काका."

"वळणावर अडलं असेल. तिरकं करून बघा."

असं पुष्कळ रविवार चाललं.

मग पेशींतून बाटल्यांत रोपं उगवली, आणि एके दिवशी त्यांच्या पानाची चाचणी लागली. चिमटीएवढं पान वाटून त्यात आपलं सामान सापडतं का ते बघायचं असतं. सापडलं तर यंत्राच्या काचेवर एक उजळ रेघ येते. ती आली. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. तिच्या सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली म्हणे. ती घरी आली ती जिना धावत चढून. मी तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

रविवारपर्यंत तिला दम निघाला नाही. स्वतःच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी मटार सोलत होते.

"आज कसा काय फोन? दारात की आत?"

"आत," ती म्हणाली. "गेलं, काका. आत गेलं."

मी पुढचा शब्द यायची वाट पाहिली. आला नाही. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

 पलीकडे काका घरात कुणाला तरी ओरडून सांगत होते, "ऐकलं का! आत गेलं म्हणतेय!" परत फोनवर येऊन म्हणाले, "मग रोपं कधी?"

"छे, काका. अजून काचघर आहे, परवानग्या आहेत. वर्षं जातील."

"जाऊ देत की. आत गेलंय ना?"

"हो."

काही दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. धुण्याचा दगड, शेजारी उकरलेली मोकळी माती, आणि पहार खांद्यावर घेऊन उभे काका. शेवटचं बेट त्यांनी गड्ड्यासकट काढलं होतं. ताईने लगेच फोन केला.

"सगळं काढलंत?"

"मर येऊन मारणार, त्यापेक्षा मीच मानाने काढलं. मातीला ऊन खाऊ दे जरा. तुझी येईपर्यंत जागा तयार हवी."

"घाई केलीत, काका."

"तू आत गेलं म्हणालीस. मग कशाला थांबायचं?"

तिने फोन ठेवला आणि फोटो मोठा करून बघत बसली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. थोडा अभिमानही होता, असं मला वाटलं.

मग बाटलीत एक कडी दिसली.

लॅबमधली रोपं बाटल्यांत, जेलीवर वाढतात, आणि रोज संध्याकाळी निघण्याआधी ती त्या बाटल्यांचे तळ बघते. त्या संध्याकाळी रोपाच्या बुडाशी, जेलीत, धुरकट पांढरी कडी दिसली. रात्रभर ग्लासात राहिलेल्या दुधाची बसते तशी. दुसऱ्या बाटलीत होती. तिसऱ्या बाटलीतही.

दोन-तीन दिवस ती तपासण्या करत राहिली, आणि मग एका रात्री घरी येऊन बराच वेळ हात धूत होती. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "हमाल मेला नव्हता."

"म्हणजे?"

"औषधाने निपचित पडला होता. सामान पाठीवर घेऊन दारातच बसून होता. आम्ही पान वाटलं, त्यात तोही वाटला गेला. चाचणीला सामान दिसलं. ते कुणाच्या घरात आहे ते चाचणी बघत नाही."

"मग आत काहीच गेलं नाही?"

"कापायची जागा उघडून बघितली. जशीच्या तशी आहे."

मी साहित्याची मुलगी. मला एवढंच सुचलं, "हे आधी कळायला काही मार्ग नसतो का?"

"असतो. एक तुकडा असा असतो की तो हमालाच्या अंगात असतो, सामानात नसतो. तो सापडला की समजायचं, हमाल अजून इथेच आहे. ती चाचणी आधी करायची. मग आनंद करायचा."

"तू केली नव्हतीस?"

ती भिंतीकडे वळली. "दुसऱ्यांना मीच करायला लावते," असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. तिला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. सर म्हणाले, "होतं असं. यात सगळेच एकदा फशी पडतात. बाटल्या उकळून टाक, नव्याने लाव." बाजूच्या टेबलावरचा म्हणाला, "काय दिसतंयताई, या खेपेला दिसलं नाही वाटतं?" सगळे हसले. तीही हसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लॅबमध्ये विषय संपलासुद्धा.

तिच्यापुरता तो तिथून सुरू झाला.

रविवारी फोन वाजला की ती मोरीत जाऊन नळ सोडायची. मी काकांना सांगायची, आंघोळीला गेलीय. पुढच्या रविवारीही तेच. काका म्हणाले, "किती आंघोळी करते? बुरशीबिरशी धरली का तिला?" मी हसले. आत नळ वाहत होता.

ती आरशात बघेना. केस न बघता विंचरायची. जेवताना तिचे कान लाल व्हायचे. कुणी काही बोललेलं नसायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, सांगून टाक. माणसं समजून घेतात."

"सर समजून घेतात," ती म्हणाली. "त्यांनी काही तोडलेलं नाही."

मग तिची चुलत बहीण आली. काकांची मुलगी. ती दवाखान्यात नर्स आहे, बोलायला फटकळ. आल्या आल्या पर्स आपटून म्हणाली, "तू फोन का घेत नाहीस ते मला कळलंय. तुझ्या लॅबमधली एक बाई आमच्याकडे इंजेक्शनला येते. गेला ना तुझा प्रयोग?"

"गेला."

"मग ऐक. बाबा रोज त्या उघड्या मातीत खुर्ची टाकून बसतात. खड्डे खणून ठेवलेत. पाणी मारतात. रिकाम्या खड्ड्यांना! बघवत नाही मला. तुझ्याकडे त्याच केळीची साधी रोपं आहेत ना?"

"आहेत. तुलना करायला ठेवतो आम्ही."

"ती आण."

"त्यांना मर लागेल गं. वर्ष-दीड वर्षात बसतील."

"तेव्हाचं तेव्हा बघू. नाही टिकली म्हणू."

"खोटं आहे ते."

"मी खोटं बोल म्हटलं का? तू बोलूच नकोस. लाव आणि घरी ये. म्हाताऱ्याला दीड वर्ष हिरवं बघू दे."

मला वाटलं, ताई तिला दार दाखवेल. ती नुसतं "बघते" म्हणाली.

शनिवारी ती ट्रे घेऊन आली. काळ्या पिशव्यांत लावलेली वीतभर रोपं, एकेक पान तकतकीत. सरांकडून रीतसर मागून आणली होती. साध्या रोपांना कुणाची ना नसते. मोरीत बसून तिने प्रत्येक पिशवीवरची 'साधं' लिहिलेली चिठ्ठी ओली करून नखाने खरवडली. पाठ माझ्याकडे होती. कुठल्याच चिठ्ठीला तिने सॉरी म्हटलं नाही. मी दारात उभी होते. जिला उतू गेलेल्या दुधाची खात्री देता येत नाही, ती हे करत होती.

सकाळी आम्ही बसने गेलो. ट्रे माझ्या मांडीवर. ती खिडकीबाहेर बघत होती.

काका फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. "आल्या शास्त्रज्ञ बाई! पाय लागले एकदाचे." एक रोप उचलून त्यांनी तळहातावर धरलं. "एवढुसं? आणि गाजावाजा केवढा! परवानग्या मिळाल्या वाटतं लवकर?"

ताई "हं" म्हणाली. तेवढंच.

मागे एका रांगेत खड्डे होते. कडा थापटून गुळगुळीत केलेल्या. दारातून कपाट मापून नेणाऱ्या माणसाने खणलेले खड्डे. चुलत बहीण मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ताई पहिल्या खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसली. पिशवी फाडली. मुळं उघडी पडली आणि तिने श्वास धरला.

काका खो खो हसले. "अगं, श्वास घे! इथे काय तुझी लॅब आहे?"

तिने रोप खड्ड्यात उभं धरलं. खुरप्याने माती ओढायला लागली. एक बाजू भरली. काका खुर्ची जवळ ओढून बसले, पाय लांब केले आणि फक्त पुन्हा ऐकायचं म्हणून विचारलं, "मग? दारात की आत?"

खुरपं थांबलं.

"बाबा, तेव्हाच म्हणाली ना ती, आत," चुलत बहीण दारातून घाईने बोलली.

"दारात," ताई म्हणाली.

"काय?"

"दारातच होतं, काका. आत गेलंच नव्हतं. माझी बघण्यात चूक झाली."

काकांनी हातातल्या रोपाकडे पाहिलं. "मग ही कुठली?"

"ही साधी. आपलीच जुनी. हिला मर लागणार."

काका धुण्याच्या दगडाकडे बघत होते. त्याच्या बाजूची माती अजून बसलेली नव्हती.

"मी ते काढलं."

"हो."

"गड्ड्यासकट काढलं."

"हो, काका."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"मग गेलं कशाला म्हणालीस? जेवलीस का विचारलं तरी दिसतंय म्हणणारी तू." त्यांचा आवाज चढला नव्हता. "गेलं म्हणालीस. म्हणजे गेलंच की मग."

ताई मान खाली घालून होती. मानेपर्यंत लाल झाली होती. मला वाटलं, आता संपलं. काका उठले, रोप ट्रेमध्ये नीट परत ठेवलं, आणि म्हणाले, "तेव्हा माहीत नव्हतं, ठीक. आणि आज? आज तर घरून निघतानाच माहीत होतं."



"बाबा, मीच तिला…"

"तू गप." त्यांनी खुर्ची मिटली, काखेत मारली आणि आत गेले. आतून दार ओढल्याचा आवाज आला. फार जोरात नाही.

 ताई उठली आणि फाटकाकडे चालायला लागली. गुडघ्यांवर माती तशीच. मी उरलेला ट्रे उचलून मागून धावले. शब्दांवर मी वर्षानुवर्षं परीक्षा दिल्या. एका गाळलेल्या शब्दाने झाड पडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

लॅबमध्ये आता नवी तुकडी लावली आहे. त्याच पेशी, नवा हमाल. ती आधी हमालाची चाचणी करते, मग सामानाची, मग पुन्हा हमालाची. बाजूच्या टेबलावरचा चिडवतो, ती हसत नाही. घरी अजून साखरेचा डबा श्वास धरूनच उघडते. पण दिसतंय हा शब्द मी तिच्या तोंडून त्यानंतर ऐकलेला नाही. काही विचारलं तर ती उठून बघून येते आणि मान हलवते.

रविवारी ती तयार होते, बसथांब्यापर्यंत जाते आणि भाजी घेऊन परत येते. फोन येत नाही. नळही सोडावा लागत नाही.

चुलत बहीण मधे येऊन गेली. तिने सांगितलं ते असं. बाकीचे खड्डे काकांनी स्वतः बुजवले. पहिल्याला हात लावला नाही. शेजारचा म्हणाला, मी भरून देतो, दोन मिनिटांचं काम. काका म्हणाले, "राहू दे. ते तिचं काम आहे." रागाने म्हणाले की कसे, ते तिला सांगता आलं नाही.

रोप एका बाजूला कललंय. नवं पान येतंय म्हणे. खड्डा एकाच बाजूने भरलेला आहे, आणि खुरपं अजून तिथेच मातीत उभं आहे.